दिवसातून तीनदा

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. बूच हरवलंय, पण तोंड अजून मोठं आहे. भट्टीत मला आकार मिळाला, पोटात व्हिटॅमिनच्या गोळ्या भरल्या आणि मी ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या औषधांच्या दुकानात येऊन बसले.

नवा मध्य प्रदेश झाला, ग्वाल्हेरची सरकारी कचेरी भोपाळला गेली. तिच्या मागोमाग तिथं नोकरीला असलेला महिपतरावांचा मुलगाही बायकोपोरांसह गेला. पुढच्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली. मुलगा धावतपळत आला, मला विकत घेऊन वडिलांपाशी ठेवून गेला. रोज एक घ्या म्हणाला आणि परतीच्या गाडीला पळाला.

शिंदे की छावनीतलं ते छोटं घर एकदम मोठं झालं होतं. महिपतराव जुने फौजी. रोज दाढी करून, टोपी घालून ओसरीवर बसायचे, जणू कोणी सलाम ठोकायला येणार. कोणी यायचं नाही. मग ते माझ्याशी बोलायचे. मी बाटली, हुंकार तरी कशी देणार?

एकदा समोरच्या शांताताईंनी सहज विचारलं, साथीवर काही आहे का. महिपतरावांनी एक गोळी दिली. शांताताई घटकाभर बसल्या, बोलल्या. दुसऱ्या दिवशी सायकलवाला सूर्याजी आला, मग अर्धी गल्ली. माझी काय वाहवा झाली! महिपतराव एका वेळी एकच गोळी द्यायचे. दोन दिल्या तर माणूस उद्या कशाला येईल? आणि माझ्या अंगावर 'रोज एक' छापलेलं असूनही सांगायचे, "दिवसातून तीनदा."

मग सूर्याजीची लघवी हळदीसारखी पिवळीधमक झाली. दुपारपर्यंत कळलं, सगळ्या गल्लीचीच. पीलिया, म्हणजे कावीळ, झाडणारा बाबा आला. मोरपिसानं सगळ्यांना झाडून, जाता जाता खबरदारी म्हणून माझ्यातल्या चार गोळ्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तोही पिवळा. झालं, ओसरीवर कुत्रंही फिरकेना.

फक्त शांताताई यायच्या, अंगात ताप असतानाही. डॉक्टर कशाला, गोळ्या आहेत की, म्हणायच्या. एक दिवस त्याही आल्या नाहीत. महिपतराव मला घेऊन त्यांच्या दारात गेले. शांताताई पडल्या पडल्या धापा टाकत होत्या. त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.

महिपतरावांनी बूच काढलं आणि थांबले.

"यानं ताप जात नाही, ताई. तुम्ही यावं म्हणून देत होतो."

आणि बिनटोपीचे डॉक्टरांकडे धावले. त्या धांदलीत माझं बूच गेलं ते गेलंच.

ताप छातीत उतरला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, पेज आणि आराम सांगितला, मग महिपतरावांकडे वळले. "तो पीलिया नव्हता. तुमचं जादा व्हिटॅमिन होतं. लघवीतून सगळं वाहून गेलं, गल्लीची नाली तेवढी पैलवान झाली. नशीब, इतक्यावरच भागलं, काही व्हिटॅमिनं अंगात साठून नडतात. आणि साथीत ओसरीवर मेळा कसला भरवता?"

महिपतराव रोज पेज करून शांताताईंच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि लांबूनच हाक मारायचे. मी कोनाड्यात उघडी पडले होते. माझ्या गोळ्यांना ओल आली, मग त्या फेकल्या गेल्या. आता माझ्यात धूळ राहते.

साथ ओसरली. एका सकाळी काठी टेकत शांताताई आल्या. दुपारी आल्या. संध्याकाळी परत. महिपतराव ओशाळून म्हणाले, गोळ्या संपल्या.

"गोळी कोणाला हवीय? दिवसातून तीनदा म्हणाला होतात ना? सरका जरा."

मित्रांनो, गोळी तोंडात टाकण्याआधी आमच्या अंगावरचं वाचा, डॉक्टरांना विचारा. पण ओसरीवर कोणी एकटं टोपी घालून बसलेलं दिसलं, तर तिथं टेकायला कोणाची चिठ्ठी लागत नाही.