आठव्या गाण्याची तिसरी ओळ

उल्हासच्या नव्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. त्यातल्या सातांशी माझं काही भांडण नाही.

उल्हास माझा नवरा. पुण्याहून जपानात सेंदाईला विद्यापीठात संशोधन करायला आला, ते करता करता इथल्या एका बारमध्ये गिटार आणि माउथऑर्गनवर ब्लूज वाजवायला लागला आणि तीस वर्षं वाजवतोच आहे. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं. नाव उल्हास आणि आयुष्यभर गातो रडगाणी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. पहिली ओळ दोनदा का, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिसरी सुचायला वेळ मिळतो."

आजवर तो दुसऱ्यांची इंग्रजी गाणी गायचा. यंदा निवृत्त झाला आणि म्हणाला, आता स्वतःची गाणी, मराठीत, जे अंगावरून गेलं तेवढंच. वडील गेले तेव्हा विमान चुकलं, त्याचं गाणं. दुखऱ्या गुडघ्यांनी बर्फ उपसायचं गाणं. कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून शेजारच्या आजींनी पिशवी परत आमच्या दारात आणून ठेवली, ते गाणं तर मला फारच आवडलं, कारण ती पिशवी त्यानेच ठेवली होती.

आठवं गाणं मला रेखाताईंकडून कळलं. रेखाताई म्हणजे इथल्या मराठी मंडळींमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. तालीम ऐकून आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पद्मिनी, मनाला लावून घेऊ नकोस गं. त्या वेळी बरेच जण गेले होते."

मला कळेना, कोण कुठे गेले होते? मग त्यांनी ओळच म्हणून दाखवली. 'लेकीला घेऊन बसमध्ये बसली, मला सोडून गेली.' आणि वर सांगितलं, "तीच ओळ दोनदा म्हणतो गं तो. पुढे नुसतंच गुणगुणतो."

खोटं नाही. मी गेले होते. २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला, पाठोपाठ अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्या आणि सलोनी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. उल्हासच म्हणाला, "तू हिला घेऊन जा, मला प्रयोगशाळा सोडता येणार नाही." आम्ही दोघी पुण्याला गेलो आणि महिन्याभरात परतही आलो. पण गाण्यात मी नुसतीच जाते! आता अल्बम निघणार, चार लोक ऐकणार आणि मी जन्मभर नवऱ्याला भूकंपात टाकून पळालेली बाई ठरणार. रेखाताई तेव्हा इथेच राहिल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या तोंडून ते जास्तच झोंबलं.

घरी आले तेव्हा उल्हास कचऱ्यात द्यायच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन त्यांची लेबलं सोलत होता.

"मी परत आले ते कुठाय?" पर्ससुद्धा खाली न ठेवता मी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"गाण्यात! जाताना दोनदा जाते, येताना एकदाही येत नाही. तिसरी ओळ कुठाय?"

"नाहीये."

"का? सुचत नाही?"

"माहीत नाही, म्हणून नाही." तो बाटलीकडेच बघत होता. "जे माहीत आहे तेवढंच लिहायचं ठरवलंय. तू गेलीस ते माहीत आहे, मी बसस्टॉपवर उभा होतो. परत का आलीस ते माहीत नाही. तुझी आई नको म्हणत होती, माझीही नको म्हणत होती. तिथे नोकरी मिळत होती तुला. तरी आलीस. मी कधी विचारलंच नाही."

"मग विचारायचं होतंस!"

"लोक काय म्हणतील म्हणून आले, असं म्हणाली असतीस तर?"

एवढा मोठा माणूस, डोक्यावर औषधाला काळा केस नाही, आणि इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खुर्ची ओढून बसले.

"तू फोन केला होतास," मी म्हटलं. "मी विचारलं, जेवायला काय? तू म्हणालास, गरमागरम वरणभात. वर म्हणालास, कुकर लावलाय, ऐक. आणि शिट्टी झाली."

त्याचे हात थांबले.

"रेखाताईंनी आदल्याच दिवशी मला फोनवर सांगितलं होतं, शहराचा पाइपातला गॅस अजून आलेला नाही, आंघोळीलासुद्धा गरम पाणी नाही. तू कुकर कशावर लावला होतास?"

"राइस कुकर..."

"तो भूकंपात पडून फुटला होता, तुकडे मी गोळा केले होते. आणि राइस कुकरला शिट्टी नसते, उल्हास. तो तुझा माउथऑर्गन होता."

तो लहान मुलासारखा लाजला. "जमली होती पण," असं पुटपुटला.

"जमली म्हणजे? तिसऱ्या शिट्टीला मी सवयीने ओरडणारच होते, गॅस बंद कर म्हणून. मग आठवलं, गॅस आहे कुठे?" म्हटलं, आता बोलूनच टाकावं. "त्या थंडीत, गार काहीतरी खाऊन, मला काळजी वाटू नये म्हणून एक माणूस फोनवर कुकर वाजवतोय. त्याला सोडून मी पुण्यात काय करणार होते? दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. लोकांचा काय संबंध?"

त्याने हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला वाटत होतं, मला फसवलंस. म्हटलं, असू दे तेवढाच आनंद."

रविवारी दुपारी ओनोदेरा-सानच्या बारमध्ये आठवं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. बार त्यांचा आणि ड्रमही तेच वाजवतात. सलोनी टोकियोहून आली होती. रेखाताईंना मी मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"लिहिलीस का ओळ?" मी उल्हासला हळूच विचारलं.

"नाही. शब्दांत बसतच नाहीये."

मी कपाळाला हात लावला. रेखाताई माझ्याकडे बघून दयाळूपणे हसल्या.

उल्हासने गिटार घेतली. लेकीला घेऊन बसमध्ये बसली, मला सोडून गेली. तीच ओळ पुन्हा. आणि मग त्याने माउथऑर्गन तोंडाला लावला.

आधी नुसती वाफेची फुसफुस, मग शिट्टी. अगदी आमच्याच कुकरची. सलोनी फिस्सकन हसली. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली आणि मी बसल्या जागेवरून ओरडले,

"उल्हास, गॅस बंद कर!"

शपथ घेऊन सांगते, ठरवलं नव्हतं. आपोआप तोंडातून गेलं. आणि उल्हास तिथल्या तिथे थांबला, घरी थांबतो तसा.

ओनोदेरा-सानच्या काठ्या हवेतच राहिल्या. मध्येच माझा आवाज आला म्हणून त्यांनी बोट वर करून म्हटलं, "मोऊ इक्काई." म्हणजे पुन्हा एकदा घेऊ.

"नको," माझ्याकडे बघत उल्हास म्हणाला. "आली तिसरी ओळ."