माझी चेन थांबत नव्हती

मी एक जुनी चेनसॉ आहे. पेट्रोलवर चालणारी करवत म्हणा हवं तर. मित्रांनो, माझं मन कडू झालं आहे, तेव्हा गोड गोष्टीची अपेक्षा धरू नका.

कारखान्यात मला जुळवलं तेव्हा माझ्यात एक नियम बसवला होता. रेसवरचं बोट उचललं, की इंजिनाने हळू गुरगुरत राहायचं आणि चेनने जागच्या जागी थांबायचं. दहा-बारा वर्षं मी तो पाळला. माझा मालक झाडं तोडायची कामं घेतो. वादळात रस्त्यावर आडवी पडलेली झाडं मी दुपारच्या आत कापून द्यायचे. तेव्हा मालक मला थोपटून म्हणायचा, "वाघीण आहे माझी!" वाघिणीच्या अंगावरून फडकं फिरवायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही. माझ्या नाकातोंडात भुसा साचत गेला.

मग पेट्रोलच्या नळीला केसाएवढी चीर पडली आणि तिथून हवा आत शिरू लागली. रेस दिली की मी धावायचे, सोडली की धाप लागून बंद पडायचे. मेस्त्रीकडे न्यायचं तर अर्धा दिवस मोडला असता. म्हणून मालकाने काय करावं? रेस सोडल्यावरची गती वाढवायचा स्क्रू असतो, तो पिळला. मग आणखी पिळला. मी बंद पडेनाशी झाले खरी, पण आता रेस सोडली तरी चेन फिरतच राहायची. मालकाला हे पक्कं ठाऊक होतं. तो मला अंगापासून लांब धरायचा, खाली घेण्याआधी स्विच बंद करायचा. "आपल्याला सवय झालीय," म्हणायचा. अहो, सवय तुम्हाला झाली, दुसऱ्याचं काय?

एकदा त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मला मागून नेलं. तो शिंपी. पायाने शिवणयंत्र चालवायचं, त्यावरच त्याचं घर. अंगणात मोठी फांदी मोडून पडली होती.

"जपून हं, दाजी," मालक म्हणाला. बस, एवढंच! चेनबद्दल चकार शब्द नाही.

शिंप्याने फांदी कापली, रेस सोडली, मला एका हाताने खाली घेतलं आणि तुकडा सारायला वाकला. चेन थांबली असेल असं कुणीही धरून चालेल. ती थांबली नव्हती. मी त्याचा गुडघा कापला, मित्रांनो. त्या भल्या माणसाचा.

दुसऱ्याच दिवशी मालक मला घेऊन मेस्त्रीकडे धावला. आता बरी सवड मिळाली! मेस्त्रीने नळी बदलली, कार्ब्युरेटर धुतला, स्क्रू सैल केला. तासाभराचं काम.

संध्याकाळी बहीण आली. रडून डोळे सुजले होते. "दादा, हे म्हणतात, रेस सोडली तरी चेन फिरत होती. खरं का?"

मालकाने तिच्यासमोर मला सुरू केलं आणि रेस सोडली. "बघ तूच."

चेन जरासुद्धा हलली नाही. इतकी छान मी कित्येक वर्षांत गुरगुरले नव्हते. जळो ती दुरुस्ती! त्या क्षणी मला बिघडायचं होतं, आणि मला बिघडता येईना.

"म्हणजे यांचंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

महिन्याभराने ती पुन्हा आली. गुडघा आता वाकत नाही, शिवणयंत्र बंद आहे, असं सांगत होती. जाताना म्हणाली, "आता त्यांनाही पटलंय, चूक त्यांचीच. तुझ्या मशीनला उगाच नावं ठेवली म्हणून तुझी माफी मागायला सांगितलंय त्यांनी मला."

"असू दे गं," मालक म्हणाला. "होतं असं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, तेल द्या, वेळेवर दुरुस्त करा. नाहीच जमलं, तर निदान ज्याच्या हाती द्याल त्याला आमचं दुखणं आधी सांगा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना?