जिन्यातली जागा

फोन वाजला तसं यजमानांनी पेन ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मग तिने फोन उचलला.

"साहेब आहेत का?"

"नाहीत घरात."

सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेणाऱ्या तिच्या तोंडातून खोटं निघत नसे, म्हणून लग्नानंतर लवकरच ही तोड निघाली होती. यजमान पत्रकार. पक्षांच्या भानगडींवर त्यांचं एकेक पुस्तक निघे आणि दुखावलेले पुढारी घरी फोन करत. कुणी रडे, कुणी दम देई. पुस्तकावर नाव त्यांचं, शिव्या मात्र तिच्या कानात.

"पुरे करा आता हे जिन्यात पळणं. गुडघे बघा."

"तू नुसतं 'नाहीत' म्हण, मी हलतसुद्धा नाही."

"म्हणते की. आधी जा तर खरे!"

यंदाचं पुस्तक वर्तमानपत्रांवर होतं. निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांच्या मुलाखती छापल्या, त्या प्रकरणावर. छापील प्रत हातात आली तेव्हा तिला कळलं, त्यातला एक संपादक तिचा धाकटा भाऊ होता.

"अहो, हे तो आपल्याकडे जेवताना बोलला होता!"

"मग? खोटं आहे का?"

"खरंच आहे हो. पण वाढत मी होते."

"त्याला वगळलं असतं तर लोक म्हणाले असते, मेव्हण्याला वाचवलं."

"लोक! लोक येतात का आपल्याकडे जेवायला?"

दुपारी धाकट्याचा फोन आला. यजमान सवयीने जिन्यात गेले.

"भाऊजी नकोत, ताई. तूच हवीस. आमच्या पेपरचे मालक संध्याकाळी तुला फोन करणार आहेत. मी तसं काही बोललोच नाही, एवढं सांग. तिथं आपण तिघंच होतो."

"बोललास रे, बाळा."

"ते मला माहीत नाही का? अगं, नोकरी जाईल माझी. एकदा 'नाही' म्हण. एवढासा शब्द!"

तिने फोन ठेवला. यजमान आत येऊन पुन्हा लिहायला बसले. तिने सगळं सांगितलं.

"मग खरं ते सांगून टाक," ते मान वर न करता म्हणाले.

"खरं सांगायला तुम्ही आहात ना, कपाट भरून!"

संध्याकाळी तिची प्रार्थना नुकतीच झाली होती. फोन वाजला. यजमान उठले, दारापाशी आले, आणि थबकले. त्यांच्या चपला तिच्या पायांत होत्या.

"अगं, फोन!"

"तुम्हीच घ्या."

"तू कुठं निघालीस?"

ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. आत फोन वाजतच होता. मग थांबला.

"हो, मीच बोलतोय... ती? नाही. घरात नाही ती."

तिने भिंतीला डोकं टेकलं. यजमानांच्या डोक्याने भिंतीवर पडलेला तेलकट डाग तिच्या बराच वर होता. तिच्या डोक्यामागे भिंत कोरी होती.

आत त्यांनी फोन ठेवला. ती तिथेच उभी राहिली.