अडतीस पायऱ्या

नव्या घरात प्रज्योतचा फायदा उघड होता: खाली दोन गाळे आणि ट्रेलर उभा करायला जागा. त्याच्या बायकोला, दिपालीला, तीन जणी एकदम वावरतील असं किचन. बापाला, रामचंद्राला, मिळणार होता तिमजली घराचा मालक म्हणून मान. तो त्यावर खूश आहे असं सगळ्यांनी धरलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं. त्याच्या बायकोला, कमळला, एकच हवं होतं. खाली एक खोली. तीही नवऱ्यासाठी.

उरणच्या मिठागरात चाळीस वर्षं घालवून रामचंद्राचे गुडघे गेले होते. ठाऊक फक्त तिला. "पोराला कलला त मना मिठागराव जाऊ देनार न्हाय," त्यानं बजावलं होतं. तिनं शब्द दिला होता.

नकाशा काढणारी ऋतिका वही घेऊन आली. "आधी प्रत्येकानं सांगायचं, घराकडून काय पाहिजे. भिंती नंतर. आज राहिलं ते मग बसवता येत नाही."

प्रज्योत दीड पान बोलला, दिपाली एक.

"काका, तुम्हाला?"

"मना काय पायजे? पोरांचा बघ."

"बाबांना झोपायला मिठागराचा बांध दिला तरी चालंल," प्रज्योत म्हणाला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं रामचंद्र.

"काकू, तुम्ही सांगा."

पेन थांबलं. कमळनं नवऱ्याकडं बघितलं. मांडी घालून बसलेला; पाहुणी गेल्याशिवाय तो उठणार नव्हता, कारण उठताना खांब धरावा लागला असता. त्यानं हळूच मान हलवली. न्हाय.

"चहा ठेवते," कमळ म्हणाली.

वास्तुशांतीला रामचंद्र प्रत्येक वळणावर थांबून फरशीचं कौतुक करत वर चढला. वर दोघांच्या खोलीत पोचला नि पलंगावर बसला. उठता येईना, तेव्हा गुडघ्यांचं सगळं उघडं पडलं.

"बाबा, बोलायचंत ना तवाच," प्रज्योत म्हणाला. पण गाळे भाड्यानं गेले होते.

दोन हंगाम रामचंद्रानं खिडकीतून मिठागर बघितलं. वाफ्यांत पांढरं चढलं की "आज मीठ धरला गं," एवढंच कमळला सांगायचा. तिसऱ्या हंगामात चौघांनी त्याला शेवटचं खाली आणलं, जिना अरुंद म्हणून तिरका करून.

प्रज्योतचे गाळे चालतात. दिपालीचं किचन गजबजलेलं असतं. जो तो मागितलेलं घेऊन बसलाय. कमळ रोज सकाळी अडतीस पायऱ्या उतरते, जिथं ती खोली व्हायला हवी होती तिथं शटरसमोर क्षणभर उभी राहते, आणि तेवढ्याच पायऱ्या पुन्हा चढते. सांगायच्या जागी ठेवलेल्या त्या एका चहाची किंमत त्यानं चुकती केली; तिच्याकडून अजून फिटायची आहे.