गुंडाची लाथ

गुंडा पायाळू नव्हता. हे गावात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, अशी हरणाबाईची समजूत होती, कारण पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्या आईचं बाळंतपण तिनंच केलं होतं आणि त्याचं डोकं आधी तिच्याच हातात आलं होतं. पण आईनं कौतुकानं 'पायाकडनं आला' असं गावभर सांगितलं. पायाळू माणसानं लाथ घातली की कंबरेची उसण जाते म्हणतात. बस, या ऐतखाऊला आयुष्यभराचा धंदा मिळाला. आता दर रविवारी पलूसपासूनच्या म्हाताऱ्या कंबर धरून त्याच्या अंगणात येत आणि लाथ खाऊन वर त्यालाच हात जोडत.

हरणाबाईची कंबर बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना गेली, ती गेलीच. चार वर्षं झाली. सकाळी भिंतीला धरल्याशिवाय तिला उठता येत नसे. सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही. घरच्यांनी माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातलं शेण तिच्याचसाठी राखून ठेवलं.

"डॉक्टरला काय कळतंय? गुंडाकडं चल," मुलगा आकाराम म्हणाला. मॅट्रिक झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि अक्कल ही अशी. हरणाबाई त्याच्याबरोबर निघाली ती मनाशी ठरवूनच. आज चारचौघांत या सोंगाड्याचं सोंग उतरवायचं.

अंगणात सात-आठ जणी बसल्या होत्या. गुंडा केसांना तेल चोपडून, धोतर खोचून उभा होता.

"कोण, हरणाक्का? या, या!"

तिनं तोंड उघडलं, तोच रंगूबाईनं तिचा पदर ओढला. दोघी दुष्काळात एकाच खडीवर बसलेल्या.

"हरणे, काय बोलनार हाईस?"

"ह्यो डोक्याकडनं जल्मलाय. म्या काढलाय त्येला."

"मग? आमाला ठावं न्हाई व्हय?"

"आन तरीबी लाथा खाताय? लाज न्हाई वाटत?"

"हळू बोल, बये," रंगूबाई कुजबुजली. "लाथ बसली की दिसभर वाकायचं न्हाई, न्हाईतर लाथ उलटती, असा दम भरतोय त्यो घरच्यांस्नी. डॉक्टरचं कोन ऐकतंय? ह्येचं ऐकत्यात. रव्वारी सून शेन काडती आन मी आडवी पडती. तू बोललीस तर आमचा रव्वार गेला."

साऱ्या म्हाताऱ्या हरणाबाईकडं बघत होत्या. तिला शिसारी आली. डॉक्टरची चिठ्ठी घरात फळीवर धूळ खात पडली होती आणि या आळशाच्या लाथेपुढं घरंच्या घरं नमत होती. गुंडाची, पोटच्या पोराची, या बायकांची, सगळ्यांची तिला सारखीच किळस आली. आपली तर जास्तच, कारण ती ओणवी झाली होती.

लाथ बसली. कळ थेट मस्तकात गेली. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी तिनं दात दाबून धरले.

"पडला का उतार?" गुंडानं विचारलं. आकाराम पुढं होऊन बघत होता.

"पडला की," हरणाबाई म्हणाली. "पर दुखनं जुनं हाय, बाबा. मला रोज एक लागंल."

आकाराम लगेच कबूल झाला.