चाळीस ओळी

ऑफिसात आणि ऑफिसाबाहेरही सगळे त्याला दादाच म्हणत. सुरुवात धाकट्या बहिणीने केली. मग त्याचं फ्रेमवर्क वापरणारे, कधी तोंडही न पाहिलेले प्रोग्रॅमरसुद्धा ‘दादा, इथे अडलंय’ असं लिहायला लागले.

ब्लॉकचेन म्हणजे एकच वही, पण तिच्या प्रती हजारो कॉम्प्युटरांवर. एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. त्या वहीत आपोआप चालणारे नियमही लिहून ठेवता येतात, त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ते शून्यापासून लिहिणं म्हणजे डोकेफोड. दादाने तयार साचे, चाचण्या आणि वहीत चढवायची साधनं एकत्र बांधली, तेच त्याचं फ्रेमवर्क, आणि लोकांचे महिने वाचवले. साचे त्याचे, चाचण्या बहिणीच्या. घरात तिला बारकी म्हणत, म्हणून ऑफिसातही बारकी. मोडायचं कसं हे तिला बरोबर कळायचं. लहानपणी घरातली घड्याळं तिनेच उघडली होती.

भांडण झालं ते प्रमाणपत्रांच्या साच्यावरून. त्यात तीनच कामं होती: प्रमाणपत्र देणं, तपासणं, रद्द करणं. बारकीने चौथं घातलं. दोन अधिकाऱ्यांनी सही केली, तर रद्द केलेलं मागे घेता येईल. चाळीसेक ओळी असतील.

“हे काढ,” दादा म्हणाला. “ज्याला मागे घेता येतं, त्याच्यावर दबाव आणता येतो. मग वही कशाला? साधं रजिस्टर काय वाईट होतं?”

“आणि चुकून रद्द झालं तर?”

“चूक होणार नाही अशी चाचणी लिही.”

“माणसाच्या बोटाची चाचणी कशी लिहू, दादा?”

तो हसला.

पुढच्याच महिन्यात तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं आणि ती दहा दिवस रजेवर गेली. त्या दहा दिवसांत दादाने त्या ओळी काढल्या. रद्द झालेल्या माणसाला कुठल्याही क्रमांकावर पुन्हा प्रमाणपत्र देण्याची वाटही बुजवली आणि नवी आवृत्ती जगासमोर ठेवली. बारकीला ते कळलं बदलांच्या जाहीर झालेल्या यादीतून, इतरांसारखंच. तिने तमाशा केला नाही. महिनाभरात तिने लिफ्टचे कंट्रोल तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. फोन होत राहिले. आईची गुडघेदुखी, भाच्याची शाळा. कामाचा विषय तेवढा दोघंही वळसा घालून जायची.

साचा मात्र खूप चालला. कोड तपासणाऱ्या एका नामांकित परीक्षकाने तर लिहिलं की यात बोट शिरेल एवढीही फट नाही. दादाने ते वाक्य छापून भिंतीवर लावलं.

तीन वर्षांनी एका दुपारी एक नर्स ऑफिसात आली. पस्तिशीची, हातात फाइल, शब्द मोजून बोलणारी. तिच्या नर्सिंग शाळेने प्रमाणपत्रांसाठी हाच साचा वापरला होता. खोटी गुणपत्रिका लावली म्हणून एका मुलीचं प्रमाणपत्र रद्द करायचं होतं. कारकुनाने चारशे एकाहत्तरच्या जागी चारशे सतरा दाबलं. चारशे सतरा म्हणजे ही.

“मुख्याध्यापिकांनी पत्र दिलंय, सर. चूक आमची, असं स्वच्छ लिहिलंय. पण हॉस्पिटलचा कॉम्प्युटर दर सहा महिन्यांनी वही बघतो. तो पत्र वाचत नाही. त्यांनी मला घरी बसवलं. शाळेत म्हणाले, ज्यांनी हे बनवलं त्यांना विचारा.”

“दोन दिवस द्या मला, सिस्टर.”

ते दोन दिवस दादाने स्वतःचाच कोड ओळ न् ओळ वाचला. आयुष्यभर भोकं बुजवणारा माणूस, कुठेतरी एक भोक राहिलेलं असू दे म्हणून देवाला विनवत होता. नव्हतं. परीक्षक खरं बोलला होता.

तिसऱ्या दिवशी त्याने तिला फोन करून सांगितलं, “या तंत्रज्ञानाची ही मर्यादाच आहे. शाळेला नवं कॉन्ट्रॅक्ट चढवायला मदत करतो, पण वेळ लागेल.”

“बरं,” ती म्हणाली. “तुम्ही प्रयत्न केलात.”

नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी त्याला त्या चाळीस ओळी हव्या होत्या. काढलेला कोडही जुन्या आवृत्त्यांत शाबूत असतो. त्याने तो शोधला. ओळींखाली बारकीने लिहिलेली चाचणीही होती, त्याने तेव्हा न वाचताच काढून टाकलेली. त्या चाचणीचं नाव होतं: ‘आकडे उलटसुलट होऊन भलत्याचंच रद्द झालं तर’.

तो तसाच उठून बारकीच्या घरी गेला. ती मुलाच्या वह्यांना कव्हरं घालत होती. त्याने सगळं सांगितलं.

“माझं चुकलं, बारके.”

तिने कव्हराची घडी नखाने दाबली. “माझ्याकडे काय कबूल करतोस? त्या बाईला काय सांगितलंस?”

“मर्यादा आहे म्हणून.”

“मर्यादा नव्हती, दादा. तू काढलीस ती वाट. तिला ते माहीत असायला हवं.”

शाळेने दोन हजारांवर प्रमाणपत्रं नव्याने चढवली. आठ महिने गेले. बहुतेक हॉस्पिटलांनी जुन्याऐवजी नवं कॉन्ट्रॅक्ट धरलं. नर्सच्या हॉस्पिटलने धरलं तेव्हा तिच्या जागी दुसरी रुजू झाली होती. जुन्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ती अजून रद्दच आहे, आणि राहील. ती आता एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची शुश्रूषा करत होती. दादा पत्ता काढत तिथे पोचला.

ती औषधाचे थेंब मोजत होती. मोजून होईपर्यंत तो दारातच थांबला. मग त्याने सांगितलं. वाट होती, बहिणीने लिहिली होती, मी काढली. फोनवर खोटं बोललो.

तिने आजोबांना औषध पाजलं.

“म्हणजे मागे घेता येत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“मला वाटायचं, यंत्रच तसं असतं. यंत्रावर कुठे राग धरत बसायचं, म्हणून निभावलं मी हे वर्ष.” तिने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. “आता त्यामागे कुणीतरी होतं म्हणायचं.”

त्याला माफी मागायची होती. रस्ताभर शब्द जुळवले होते. त्यातला एकही तिच्यासमोर काढण्याजोगा वाटेना.

“आजोबांना कुशीवर वळवायचंय,” ती म्हणाली. “निघा तुम्ही.”

तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला. दादा जिना उतरून रस्त्यावर आला. बारकीला फोन लावावा असं मनात आलं, पण ‘सांगितलं’ यापुढे तिला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.