पान्ह्याच्या अंतरावर

कोल्हापूरच्या गंगावेशीत संध्याकाळ उतरते ती म्हशींच्या पावलांनी. आधी गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो, मग शेणाचा ऊबदार वास, आणि मग वळणावरनं तेल लावलेली काळीभोर अंगं एकामागून एक. दूध कट्ट्यावर माणसं आधीच ताटकळत असतात. डोळ्यांदेखत म्हैस पिळून घ्यायची, फेसाचा कोमट ग्लास तोंडाला लावायचा आणि मिशा पुसत घरी जायचं.

वर्षाराणीच्या वडिलांनी, आकाराम आबांनी, सगळी हयात या कट्ट्यावर काढली. पण आता गुडघे बसू देत नव्हते, आणि बसले तर उठू देत नव्हते. एकेक करत म्हशी गेल्या. उरली होती मोरणी. रविवारी सकाळी तीही कागलला मेव्हण्याच्या गोठ्यात जायची होती.

त्याआधी वर्षाराणीला एक फोटो हवा होता. आबांचे फोटो घरात नव्हते असं नाही, पण सगळ्यांत ते छाती काढून, श्वास धरून उभे. जणू समोरून कुणी कपाळावर शिक्का मारायला येतंय. तिला हवे होते ते आबा निराळे. मोरणीच्या कुशीला कपाळ टेकून, डोळे मिटून, तिच्याशी काहीबाही गुणगुणणारे. ते आबा फक्त पान्हा फुटायच्या आधी दिसायचे, घटकाभर. मोरणी गेली की तेही जाणार होते.

ती पतसंस्थेत नोकरीला होती आणि सुट्टीला बारशांचे, वाढदिवसांचे फोटो काढायची. कॅमेरा बरा होता. त्याच्याबरोबर आलेली लेन्स मात्र उन्हात तरतरीत आणि दिवेलागणीला आंधळी. कट्ट्यावरच्या पिवळट उजेडात तिनं काढलेली मोरणी म्हणजे अंधाराचं एक गाठोडं, आणि आबांचे हात धुरासारखे पसरलेले. म्हणून एका संध्याकाळी तिनं फ्लॅश मारला. मोरणीनं पाय झाडला आणि पान्हा चोरला. सडात आलेलं दूध वर ओढून घेतलं ते घेतलंच. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास धरून उभी.

"काय गं वर्षे," रोज दुधाला येणारी बायडाबाई कडाडली, "दूध न्यायला आलोय आम्ही, का तुझ्या वरातीला?"

आबा मोरणीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती राजारामपुरीत उदयसिंहाच्या दुकानात गेली. नव्याजुन्या लेन्सची घेवदेव करणारा हा माणूस ओळखीचा होता, त्यामुळं तिनं थेट सांगितलं. "उदयदा, उजेड कमी हाय. फ्लॅश चालत न्हाय. आणि लई जवळ जाता येत न्हाय."

"काय, वाघ हाय का काय?"

"म्हैस."

"मग अवघड हाय."

त्यानं कपाटातनं एक पांढरीशुभ्र, हातभर लांब लेन्स काढली. मैदानावरच्या मॅचेसना, मोठ्या लग्नांना वापरतात तसली. किंमत ऐकून वर्षाराणीनं ती हलकेच काउंटरवर ठेवली, तान्ह्या पोराला ठेवावं तशी.

"ह्यात चांगली दुभती मुऱ्हा म्हैस येती की!"

"आणि वर तिची वर्षाची पेंड," उदयसिंह म्हणाला. "विकत कोण घे म्हणतंय? आजच्या दिवस भाड्यानं न्हे."

संध्याकाळी ती पांढरी लेन्स लावून ती कट्ट्यावर उभी राहिली मात्र, मोरणीनं कान टवकारले, मान वर केली, आणि दावं ताणून मागं मागं सरू लागली.

"अगं, तिला वाटलं नळकांड्यानं औषध पाजायला आलीस!" बायडाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. सगळा कट्टा हसला. मोरणीनं त्या दिवशीही निम्मंच दूध दिलं.

वाटेत आबा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे की पोरी. फोटू न्हाई म्हून मी काय तिला इसरतोय व्हय?"

ती मोरणीला विसरायला घाबरत नव्हती. तिला भीती होती ते टेकलेलं कपाळ, ते मिटलेले डोळे विसरण्याची. पण हे बापाला तोंडावर कसं सांगायचं?

लेन्स परत द्यायला गेली तेव्हा नळकांड्याची गोष्ट ऐकून उदयसिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "मला सांग, तू कुठं बसलीस म्हंजे ती म्हैस बिचकत न्हाय?"

"रस्त्यापल्याडच्या पायऱ्यांवर. तितं बसल्यावर ती मला माणसात धरत न्हाय."

"हां, मग झालं की! जागा ठरली. आता त्या जागेला लेन्स शोधायची. आपण उलटंच करत बसलोय."

त्यानं तीन लेन्स मांडल्या. पहिली पन्नास मिलिमीटरची, सगळ्यांत स्वस्त. "ही गुणाची हाय, पण तेवढ्या लांबनं आबा मुंगीएवढं दिसतील." उरलेल्या दोन्ही पंच्याऐंशी मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या. एक जाडजूड, चकचकीत. दुसरी साधी, काळी, कडेला खरवडलेली. "दोन्ही तितकंच जवळ आणतील. ही मोठी उजेड थोडा जास्त घेती, पण दाम तिप्पट. सगळा पैसा त्या शेवटच्या चिमूटभर उजेडाचा. लग्नवाल्यांना परवडतंय. तुला ही साधी भागवंल."

वर्षाराणीनं मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधनं आरपार बघितलं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती आत पसरत जाते. तसलं काही नव्हतं. धुळीचे दोन कण तेवढे होते. "ते फोटूत येत न्हाईत," उदयसिंह म्हणाला. तिनं फोकसचं कडं फिरवून बघितलं. ते लोण्यात बोट फिरावं तसं फिरलं.

"मुऱ्हा न्हाई, पण रेडकू तरी द्यावं लागंल हिच्यापायी," ती म्हणाली.

"न्हे ही. न्हाई पटली तर सोमवारी आणून दे."

शनिवारची संध्याकाळ. मोरणीची कट्ट्यावरची शेवटची. वर्षाराणी रस्त्यापल्याडच्या पायऱ्यांवर बसली, गुडघ्यावर कोपर टेकून. काळी, ठेंगणी लेन्स तिच्या ओंजळीत मावत होती. बायडाबाईचंही लक्ष गेलं नाही.

आबांनी कास धुतली. गुडघे मोडत, कण्हत बसले. कासंडी मांडीत धरली आणि कपाळ मोरणीच्या कुशीला लावलं. इतक्या लांबनं शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठांच्या हालचालीवरनं तिला कळलं. लहानपणापासूनचंच ते:

काळ्या गं ढगापोटी, पांढरं चांदणं
सोड गं मोरणीबाई, आचळांचं बांधणं

लेन्समधनं मागचे दिवे विरघळून गोल झाले होते, दुधावरच्या बुडबुड्यांसारखे. त्यांच्या मधोमध आबांच्या मिटल्या पापण्या. वर्षाराणीनं श्वास धरला आणि बटण दाबलं. एकदा, पुन्हा एकदा. तेवढ्यात रिकाम्या कासंडीत पहिली धार वाजली.

घरी आल्यावर तिनं कॅमेरा आबांच्या हातात दिला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हा मी व्हय?"

"व्हय की."

मग त्यांचं बोट पडद्याच्या कडेला गेलं. मोरणीनं मान वळवली होती आणि तिचा एक टपोरा डोळा सरळ पायऱ्यांकडं लागला होता. वर्षाराणीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"बघ. तिला ठाव हुतं तू तितं हाईस," आबा म्हणाले. "ठाव असून सोडला पान्हा."

त्यांनी बोट मागं घेतलं आणि उगीचच सदऱ्याला पुसलं.

सकाळी टेम्पो आला. मोरणी कुरकुर न करता चढली. वळणापर्यंत घुंगरू ऐकू आले, मग नाही. आबा रिकाम्या दाव्यापाशी जाऊन बसले, आणि वर्षाराणी त्यांच्याशेजारी.

"ते भिंग उद्या परत द्यायचं हुतं न्हवं?"

"न्हाय आबा. ठेवून घेतलं."

"बरं केलंस." दाव्याची गाठ ते सोडत बसले. सुटल्यावर म्हणाले, "फुडल्या आयतवारी कागलला जाऊ. तू आपली लांबच बस. मी तेवढा जवळ जाऊन बघतो, वळख ठेवलीया का ते."